अणुकेंद्राच्या कवचांचा वेध घेणाऱ्या शास्त्रज्ञ : मारिया गोपर्ट-मायर

भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या जगातील दुसऱ्या महिला म्हणून मारिया गोपर्ट-मायर यांचे नाव विज्ञानाच्या इतिहासात कायमचे नोंदले गेले आहे. मारी क्युरी यांना हा सन्मान १९०३ मध्ये मिळाला होता. त्यानंतर तब्बल ६० वर्षांनी, १९६३ मध्ये, मारिया गोपर्ट-मायर यांची या पारितोषिकासाठी निवड झाली. अणुकेंद्रातील प्रोटॉन आणि न्यूट्रॉन हे कण कांद्याच्या पापुद्र्यांप्रमाणे एकावर एक असलेल्या कवचांमध्ये रचलेले असतात, हे त्यांनी सप्रमाण दाखवून दिले. विशेष म्हणजे हे संशोधन पूर्ण होईपर्यंत, आणि त्यानंतरही जवळजवळ दशकभर, एकाही विद्यापीठाने त्यांना पूर्ण वेतनाचे प्राध्यापकपद दिले नव्हते.

सहा पिढ्यांचा वारसा

मारिया यांचा जन्म २८ जून १९०६ रोजी काटोविट्स या शहरात झाला. हे शहर त्या काळी जर्मनीच्या अप्पर सायलेशिया प्रांतात होते. आज ते पोलंडमध्ये आहे. वडील फ्रिडरिश गोपर्ट हे बालरोगतज्ज्ञ होते. त्यांच्या घराण्यात सलग सहा पिढ्या विद्यापीठातील प्राध्यापक होऊन गेले होते. आई मारिया यांनी विवाहापूर्वी शिक्षिका म्हणून काम केले होते. १९१० मध्ये वडिलांची गॉटिंगेन विद्यापीठात प्राध्यापक म्हणून नियुक्ती झाली आणि हे कुटुंब त्या शहरात स्थायिक झाले. मारिया ही त्यांची एकुलती एक कन्या. मुलीने केवळ गृहिणी होऊन राहू नये, अशी वडिलांची इच्छा होती आणि लहानपणापासून त्यांनी ती तिच्या मनावर बिंबवली होती.

तथापि, त्या काळातील जर्मनीत मुलींनी विद्यापीठात जाणे सोपे नव्हते. विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेसाठी मुलींची तयारी करून घेणारी एकच खासगी शाळा गॉटिंगेनमध्ये होती. स्त्रियांच्या मताधिकारासाठी झटणाऱ्या महिलांनी ती चालविली होती. पहिल्या महायुद्धानंतरच्या भीषण चलनवाढीत ही शाळा बंद पडली. परीक्षेला अद्याप एक वर्ष बाकी असतानाही मारिया यांनी धीर सोडला नाही. त्या हॅनोव्हर येथे परीक्षेस बसल्या व उत्तीर्ण झाल्या. १९२४ मध्ये त्यांनी गणिताच्या अभ्यासासाठी गॉटिंगेन विद्यापीठात प्रवेश घेतला.

गॉटिंगेन हे त्या वेळी गणित आणि भौतिकशास्त्राचे तीर्थक्षेत्र मानले जात असे. पुंजयामिकी हे नवे शास्त्र तेथेच आकार घेत होते. मॅक्स बोर्न यांच्या चर्चासत्राला हजेरी लावल्यानंतर मारिया यांचा ओढा गणिताकडून भौतिकशास्त्राकडे वळला. १९२७ मध्ये वडिलांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेला मान देऊन पदवी पूर्ण करायचीच, असा निश्चय त्यांनी केला.

१९३० मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळविली. अणू एकाच वेळी दोन प्रकाशकण शोषून घेऊ शकतो किंवा उत्सर्जित करू शकतो, असे त्यांनी प्रबंधात सिद्धान्ताच्या आधारे मांडले. मॅक्स बोर्न, जेम्स फ्रांक आणि अॅडॉल्फ विंडाउस हे त्यांचे परीक्षक होते. फ्रांक आणि विंडाउस यांना तोपर्यंत नोबेल पारितोषिक मिळालेले होते, तर बोर्न यांना ते १९५४ मध्ये मिळाले. या प्रबंधातील भाकिताची प्रायोगिक प्रचीती येण्यासाठी लेसर किरणांचा शोध लागावा लागला. १९६१ मध्ये ती मिळाली. दोन प्रकाशकणांच्या शोषणाचे मोजमाप करण्याच्या एककाला आज त्यांचेच नाव आहे. १९९० पासून जीवशास्त्रज्ञ जिवंत पेशींच्या खोल भागांचे चित्रण करण्यासाठी वापरत असलेली द्विप्रकाशकण सूक्ष्मदर्शी ही याच तत्त्वावर चालते.

विवाह आणि विनावेतन वर्षे

वडिलांच्या निधनानंतर आईने घरातील काही खोल्या विद्यार्थ्यांना भाड्याने दिल्या होत्या. अमेरिकेहून रॉकफेलर शिष्यवृत्तीवर आलेले रसायनशास्त्रज्ञ जोसेफ मायर हे त्यांपैकी एक होते. १९ जानेवारी १९३० रोजी मारिया आणि जोसेफ यांचा विवाह झाला व त्याच वर्षी हे दाम्पत्य अमेरिकेला गेले. बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जोसेफ यांना अध्यापकाची नोकरी मिळाली होती.

मारिया यांना मात्र तेथे नोकरी मिळू शकली नाही. पती-पत्नी दोघांनाही एकाच संस्थेत नेमू नये, असे नियम अमेरिकेतील अनेक विद्यापीठांमध्ये त्या काळी होते. त्यातच जागतिक मंदीमुळे नोकऱ्यांचा दुष्काळ होता. भौतिकशास्त्र विभागातील जर्मन पत्रव्यवहारात मदत करण्याचे काम त्यांना देण्यात आले. त्यासाठी अत्यल्प मानधन आणि बसायला जागा मिळाली. या जागेचा त्यांनी पुरेपूर उपयोग केला. कार्ल हर्झफेल्ड आणि जोसेफ मायर यांच्या सहवासात त्या रासायनिक भौतिकशास्त्राकडे वळल्या, विद्यार्थ्यांना शिकवू लागल्या आणि शोधनिबंध लिहू लागल्या. १९३१ ते १९३३ या तीन वर्षांच्या उन्हाळ्यात त्या गॉटिंगेनला जाऊन मॅक्स बोर्न यांच्यासमवेत काम करीत असत. स्फटिकांच्या जालकरचनेवर या दोघांनी लिहिलेला विस्तृत लेख १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला.

त्याच वर्षी जर्मनीत हिटलरची सत्ता आली आणि गॉटिंगेनची वैभवशाली परंपरा काही महिन्यांतच उद्ध्वस्त झाली. बोर्न आणि फ्रांक यांच्यासह अनेक ज्यू शास्त्रज्ञांना देश सोडावा लागला. अमेरिकेचे नागरिकत्व स्वीकारलेल्या मारिया यांनी हर्झफेल्ड यांच्यासोबत या निर्वासित शास्त्रज्ञांना मदत करण्यासाठी प्रयत्न केले. १९३३ मध्ये त्यांना कन्या झाली आणि १९३८ मध्ये पुत्र.

१९३५ मध्ये मारिया यांनी आणखी एक महत्त्वाचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. एकाच अणुकेंद्रातील दोन न्यूट्रॉनांचे एकाच वेळी प्रोटॉनांत रूपांतर होऊ शकते का, हा प्रश्न यूजीन विग्नर यांनी त्यांना सुचविला होता. अशी घटना शक्य आहे. परंतु ती इतकी दुर्मिळ आहे की तिचा कालावधी १ या अंकावर १७ शून्ये दिल्यावर होणाऱ्या वर्षांच्या संख्येहूनही अधिक असेल, असे उत्तर त्यांनी काढले. या 'दुहेरी बीटा ऱ्हासा'चे प्रयोगशाळेतील थेट निरीक्षण १९८७ मध्ये झाले. या ऱ्हासाच्या आणखी एका, अद्याप न आढळलेल्या प्रकाराचा शोध जगभरातील प्रयोगशाळा घेत आल्या आहेत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनीही त्यासाठी कथिलाच्या १२४ वस्तुमानांकाच्या समस्थानिकावर आधारित शोधयंत्रणेचे काम हाती घेतले होते.

युद्धकाळातील जबाबदारी

जोसेफ यांची हॉपकिन्समधील नोकरी संपुष्टात आल्यानंतर १९३९ मध्ये हे दाम्पत्य न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आले. तेथेही मारिया यांना वेतन नव्हते. केवळ एक कार्यालय मिळाले. १९४० मध्ये पती-पत्नींनी मिळून लिहिलेले सांख्यिकीय यामिकीवरील पाठ्यपुस्तक प्रसिद्ध झाले आणि पुढे अनेक वर्षे ते प्रमाण मानले गेले. याच सुमारास एन्रिको फर्मी इटलीतून कोलंबियाला आले होते. युरेनियमपेक्षा जड मूलद्रव्यांतील इलेक्ट्रॉनांची रचना कशी असेल, हे तपासण्याचे काम त्यांनी मारिया यांना सुचविले. ही मूलद्रव्ये विरल मृदा मूलद्रव्यांसारखी एक नवी मालिका तयार करतील, असे त्यांचे भाकीत होते व ते खरे ठरले.

डिसेंबर १९४१ मध्ये, म्हणजे डॉक्टरेटनंतर ११ वर्षांनी, न्यूयॉर्कजवळच्या सारा लॉरेन्स महाविद्यालयात त्यांना अर्धवेळ अध्यापनाची नोकरी मिळाली. अमेरिकेतील त्यांची ही पहिली सवेतन अध्यापकीय नोकरी होती. पुढच्याच वर्षी हॅरल्ड यूरी यांनी त्यांना युरेनियमचे समस्थानिक वेगळे करण्याच्या गोपनीय प्रकल्पात बोलावून घेतले. अणुबॉम्ब निर्मितीच्या मॅनहॅटन प्रकल्पाचाच हा भाग होता. जोसेफ हे आठवड्यातील बहुतेक दिवस मेरीलँडमधील लष्करी चाचणी केंद्रावर असत. त्यामुळे दोन लहान मुले, घर आणि गोपनीय संशोधन अशी तिहेरी जबाबदारी मारिया यांच्यावर होती. आपण कोणत्या विषयावर काम करतो, हे त्यांना पतीलाही सांगता येत नव्हते. ज्या देशात त्या लहानाच्या मोठ्या झाल्या, त्याच देशाविरुद्ध हे युद्ध चालले होते. पुढे एडवर्ड टेलर यांच्यासमवेत त्यांनी अतितप्त पदार्थांतून होणाऱ्या प्रारणाच्या वहनाचाही अभ्यास केला.

द्रवबिंदू आणि सममिती ऊर्जा

मारिया यांच्या मुख्य शोधाचे महत्त्व लक्षात येण्यासाठी अणुकेंद्राविषयी त्या काळी काय समजले जात होते, हे पाहणे आवश्यक आहे. १९३५ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ कार्ल फ्रिडरिश फॉन वाइत्सेकर यांनी अणुकेंद्राच्या बंधनऊर्जेचे सूत्र मांडले. हान्स बेटे आणि रॉबर्ट बाकर यांनी पुढच्या वर्षी त्याला अधिक सुटसुटीत रूप दिले. या सूत्रात अणुकेंद्राची कल्पना पाण्याच्या थेंबाप्रमाणे केलेली होती. थेंबातील प्रत्येक कण फक्त आपल्या शेजाऱ्यांना धरून असतो, पृष्ठभागावरील कणांना शेजारी कमी असल्याने त्यांचे बंधन सैल असते आणि सर्व प्रोटॉन धनभारित असल्यामुळे ते एकमेकांना दूर लोटतात. या तीन गोष्टींचा हिशेब सूत्रात होता.

मात्र साध्या थेंबाला लागू न पडणारी चौथी एक गोष्टही त्यात होती. तिला 'सममिती ऊर्जा' असे म्हणतात. अणुकेंद्रात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांची संख्या समसमान असेल तर रचना सर्वाधिक स्वस्त पडते. एका प्रकारचे कण जास्त झाले की त्याची किंमत ऊर्जेच्या रूपाने मोजावी लागते. याचे एक कारण पाउली यांच्या अपवर्जन तत्त्वात आहे. प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांच्यासाठी ऊर्जेच्या पायऱ्यांचे दोन स्वतंत्र जिने आहेत, असे समजावे. प्रत्येक पायरीवर ठराविकच कणांना जागा असते. वीस कण दोन्ही जिन्यांवर दहा-दहा असे बसविले तर खालच्याच पायऱ्या पुरतात. त्यांपैकी सोळा न्यूट्रॉन आणि चारच प्रोटॉन असतील तर न्यूट्रॉनांना वरच्या पायऱ्यांवर चढावे लागते आणि प्रोटॉनांच्या जिन्यावरील खालच्या जागा रिकाम्या राहतात. याशिवाय प्रोटॉन व न्यूट्रॉन यांच्यातील आकर्षण हे दोन सारख्या कणांमधील आकर्षणापेक्षा प्रबळ असते, हे दुसरे कारण होय. दोन्ही संख्यांतील फरक दुप्पट झाला की ही किंमत चौपट होते.

प्रोटॉनांचे परस्परांना लोटणे आणि सममिती ऊर्जा यांच्या रस्सीखेचीतून प्रत्येक अणुकेंद्राचे प्रमाण ठरते. ऑक्सिजनमध्ये सामान्यतः आठ प्रोटॉन आणि आठच न्यूट्रॉन असतात. शिशाच्या सर्वाधिक आढळणाऱ्या समस्थानिकात मात्र ८२ प्रोटॉन आणि १२६ न्यूट्रॉन असतात. या ४४ जादा न्यूट्रॉनांची सममिती ऊर्जा, ढोबळ हिशेबाने, दोनशे दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्टहून अधिक भरते.

या द्रवबिंदू प्रारूपाने मोठे यश मिळविले होते. युरेनियमचे विखंडन कसे होते, याचे स्पष्टीकरण नील्स बोर आणि जॉन व्हीलर यांनी १९३९ मध्ये याच प्रारूपाच्या आधारे दिले. त्यामुळे अणुकेंद्रात सुस्पष्ट कवचे असू शकतील, या कल्पनेकडे बहुतेक शास्त्रज्ञ साशंकतेने पाहत होते. एवढ्या दाटीवाटीत एखादा कण स्वतंत्र कक्षेत कसा फिरू शकेल, असा त्यांचा आक्षेप होता.

शिकागोतील शोध

१९४६ मध्ये मायर दाम्पत्य शिकागोला आले. शिकागो विद्यापीठाने मारिया यांना सहयोगी प्राध्यापकपद दिले. परंतु तेही विनावेतनच होते. तरीही आपले स्वागत मनापासून करणारे हे पहिलेच ठिकाण, असे त्या पुढे सांगत असत. त्याच वर्षी शहराजवळ आर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळा स्थापन झाली. तिच्या सैद्धान्तिक भौतिकी विभागाचे प्रमुख रॉबर्ट सॅक्स हे मारिया यांचे जॉन्स हॉपकिन्समधील विद्यार्थी होते. त्यांनी आपल्या गुरूंना अर्धवेळ, सवेतन पद देऊ केले. अणुकेंद्राविषयी आपल्याला फारशी माहिती नाही, असे मारिया यांनी त्यांना सांगितले होते. तथापि, विषय शिकून घेण्याची त्यांची तयारी होती.

विश्वातील मूलद्रव्ये कशी निर्माण झाली असावीत, या प्रश्नावर त्या टेलर यांच्यासमवेत विचार करू लागल्या. त्यासाठी कोणते मूलद्रव्य निसर्गात किती प्रमाणात सापडते, याचे तक्ते त्या अभ्यासत होत्या. त्यांना एक विलक्षण गोष्ट आढळली. ज्या अणुकेंद्रांत प्रोटॉनांची अथवा न्यूट्रॉनांची संख्या २, ८, २०, २८, ५०, ८२ किंवा १२६ असते, ती अणुकेंद्रे इतरांपेक्षा अधिक स्थिर असतात. कथिलात ५० प्रोटॉन असतात आणि त्याचे तब्बल दहा स्थिर समस्थानिक आहेत. इतके अन्य कोणत्याही मूलद्रव्याचे नाहीत. द्रवबिंदूच्या सूत्रातून या संख्यांचा कोणताही उलगडा होत नव्हता. अशा काही संख्यांकडे १९३० च्या दशकात वॉल्टर एल्सासर यांचे लक्ष गेले होते, परंतु तेव्हा पुरावा अपुरा होता. मारिया यांनी बंधनऊर्जा, समस्थानिकांची संख्या, न्यूट्रॉन शोषून घेण्याची क्षमता अशा अनेक दिशांनी पुरावे गोळा केले आणि १९४८ मध्ये ते प्रसिद्ध केले. थेंबाच्या कल्पनेवर अधिक विश्वास असलेल्या विग्नर यांनी या संख्यांना काहीशा थट्टेने 'जादूच्या संख्या' म्हटले, असे सांगितले जाते. पुढे तेच नाव रूढ झाले.

पुरावा मिळाला, पण कारण मिळत नव्हते. अणुकेंद्राला एखाद्या वाटीसारखे मानून कणांच्या पायऱ्या मोजल्या तर २, ८, २०, ४०, ७०, ११२ अशा संख्या येत होत्या. पहिल्या तीन जुळत होत्या, पुढील सर्व चुकत होत्या. मारिया आणि फर्मी या विषयावर बोलत असताना फर्मी यांना दूरध्वनीसाठी बाहेर बोलावण्यात आले. जाता जाता त्यांनी विचारले की, कणाचे परिवलन आणि त्याची कक्षीय गती यांत काही परस्परसंबंध असल्याचे दिसते का. हा प्रश्न ऐकताच मारिया यांच्या मनात सर्व तुकडे जुळले. फर्मी परत आले तेव्हा त्यांच्यापुढे उत्तर तयार होते, असे सांगितले जाते.

ते उत्तर असे होते. अणुकेंद्रातील प्रत्येक कण केंद्राभोवती फिरतो आणि त्याच वेळी स्वतःभोवतीही फिरतो. दोन्ही फिरण्याची दिशा एक असेल तर त्याची ऊर्जा कमी होते. दिशा विरुद्ध असेल तर ती वाढते. हा फरक अणूतील इलेक्ट्रॉनांच्या बाबतीत अगदी नगण्य असतो. अणुकेंद्रात मात्र तो मोठा असतो. त्यामुळे वरच्या पायरीवरील काही जागा एवढ्या खाली घसरतात की त्या खालच्या कवचात सामील होतात. २० मध्ये अशा ८ जागा मिळविल्या की २८ होतात. ४० मध्ये १० मिळविल्या की ५०, ७० मध्ये १२ मिळविल्या की ८२ आणि ११२ मध्ये १४ मिळविल्या की १२६. वर्षानुवर्षे न सुटलेले कोडे साध्या बेरजेने सुटले होते.

ही संकल्पना सामान्यजनांना समजावून सांगताना मारिया वॉल्ट्झ या युरोपीय नृत्याचा दाखला देत. दिवाणखान्यात अनेक जोडपी गोलाकार फिरत नाचत आहेत आणि प्रत्येक जोडपे स्वतःभोवती गिरक्याही घेत आहे, अशी कल्पना करावी. दालनाच्या फेरीच्या दिशेनेच गिरकी घेणे सोपे जाते, उलट दिशेने गिरकी घेताना अधिक श्रम पडतात. अणुकेंद्रातील कणांचेही असेच असते.

प्रतिस्पर्ध्याशी मैत्री

मारिया यांनी आपले निष्कर्ष १९४९ च्या प्रारंभी 'फिजिकल रिव्ह्यू' या नियतकालिकाकडे पाठविले. शोधाचे मूळ फर्मी यांच्या प्रश्नात असल्याचा उल्लेख त्यांनी त्यात कृतज्ञतापूर्वक केला. त्याच सुमारास जर्मनीत हान्स येन्सन, ओटो हाक्सेल आणि हान्स झ्यूस या तिघांनी स्वतंत्रपणे नेमका हाच निष्कर्ष काढला होता. दोन्ही लेख जून १९४९ मध्ये याच नियतकालिकात प्रसिद्ध झाले; जर्मन शास्त्रज्ञांचा लेख मारिया यांच्या लेखाच्या काही दिवस आधी आला.

श्रेयासाठी वाद होण्याची ही वेळ होती. विज्ञानाच्या इतिहासात अशा वादांची उदाहरणे कमी नाहीत. येथे मात्र वेगळेच घडले. १९५० मध्ये मारिया जर्मनीला गेल्या, येन्सन यांना भेटल्या आणि दोघांची चांगली मैत्री झाली. स्वतःखेरीज आणखी कोणी तरी त्याच उत्तरापर्यंत पोहोचले, यामुळे आपल्या शोधावरील विश्वास दृढ झाला, अशी त्यांची भावना होती. दोघांनी मिळून कवच प्रारूपावर ग्रंथ लिहिला आणि तो १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला. १९५६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने मारिया यांना सदस्यत्व दिले.

कवच प्रारूपामुळे द्रवबिंदू प्रारूप निकालात निघाले, असे मात्र झाले नाही. अणुकेंद्राची एकूण बंधनऊर्जा, पृष्ठभाग आणि सममिती ऊर्जा यांचा हिशेब थेंबाच्या सूत्राने होतो. त्यावरील बारीक चढउतार कवचांमुळे समजतात. पुढील काळातील सिद्धान्तांनी या दोन्ही दृष्टिकोनांचा मेळ घातला.

उशिरा आलेला सन्मान

१९६० मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो येथील नव्या शाखेने मायर दाम्पत्यातील दोघांनाही प्राध्यापकपद देऊ केले. मारिया तेव्हा ५४ वर्षांच्या होत्या. पूर्ण वेतनाचे प्राध्यापकपद त्यांना आयुष्यात प्रथमच मिळाले. दुर्दैवाने तेथे गेल्यानंतर लवकरच त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि प्रकृती कायमची खालावली. तरीही त्यांनी अध्यापन व संशोधन सोडले नाही.

तीन वर्षांनी नोबेल पारितोषिकाची घोषणा झाली. १९६३ च्या भौतिकशास्त्र पारितोषिकाचा अर्धा भाग यूजीन विग्नर यांना, अणुकेंद्र व मूलकणांच्या सिद्धान्तातील, विशेषतः सममितीच्या मूलतत्त्वांवरील कार्यासाठी देण्यात आला. उरलेला अर्धा भाग मारिया गोपर्ट-मायर आणि हान्स येन्सन यांना कवचरचनेच्या शोधासाठी विभागून मिळाला. ज्या विग्नर यांनी जादूच्या संख्यांविषयी शंका बाळगली होती, त्यांच्यासोबतच मारिया यांनी १० डिसेंबर १९६३ रोजी स्टॉकहोम येथे हा सन्मान स्वीकारला. सॅन दिएगोतील एका वृत्तपत्राने मात्र ही बातमी देताना शास्त्रज्ञ म्हणून नव्हे, तर शहरातील एक आई म्हणून त्यांचा मथळ्यात उल्लेख केला होता. त्या काळातील समाजाची दृष्टी यावरून दिसून येते.

मारिया गोपर्ट-मायर यांचे २० फेब्रुवारी १९७२ रोजी सॅन दिएगो येथे हृदयविकाराने निधन झाले. त्या वेळी त्या ६५ वर्षांच्या होत्या.

आजही चालू असलेला शोध

त्यांच्या निधनानंतर अर्धशतक उलटले, तरी त्यांनी मांडलेले प्रश्न जुने झालेले नाहीत. शिशाचे २०८ वस्तुमानांकाचे अणुकेंद्र हे दुहेरी जादूचे मानले जाते, कारण त्यातील ८२ प्रोटॉन आणि १२६ न्यूट्रॉन अशा दोन्ही संख्या जादूच्या आहेत. भरलेल्या कवचांमुळे हे अणुकेंद्र जवळजवळ गोलाकार असते व त्याची गणिते अधिक विश्वासाने करता येतात. म्हणूनच सममिती ऊर्जेचे मोजमाप करण्यासाठी शास्त्रज्ञांनी त्याची निवड केली. जादा न्यूट्रॉन अणुकेंद्राच्या बाहेरील भागात एक पातळ सालीसारखा थर तयार करतात. घनता वाढत जाते तशी सममिती ऊर्जा किती वेगाने वाढते, हे या सालीच्या जाडीवरून कळते. अमेरिकेतील जेफरसन प्रयोगशाळेने २०२१ मध्ये शिशासाठी ही जाडी सुमारे ०.२८ फेम्टोमीटर असल्याचे जाहीर केले. एक फेम्टोमीटर म्हणजे मिलिमीटरच्या एक लाख कोटीव्या भागाइतके अंतर होय. याच प्रयोगशाळेने २०२२ मध्ये २० प्रोटॉन व २८ न्यूट्रॉन असलेल्या कॅल्शियमची, म्हणजे आणखी एका दुहेरी जादूच्या अणुकेंद्राची साल मोजली. ती अपेक्षेपेक्षा पातळ निघाली. दोन्ही मोजमापांचा एकाच वेळी मेळ घालणे हे सिद्धान्तांपुढे आव्हान ठरले आहे.

या मोजमापांचा संबंध थेट आकाशाशी पोहोचतो. न्यूट्रॉन ताऱ्यांतील पदार्थात न्यूट्रॉन प्रचंड बहुसंख्येने असतात. अशा ताऱ्याचा आकार केवढा असेल, हे बऱ्याच अंशी सममिती ऊर्जेवर अवलंबून असते. २०१७ मध्ये दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मीलनातून आलेल्या गुरुत्वीय लहरी नोंदल्या गेल्या. तेव्हापासून प्रयोगशाळेतील शिशाचा तुकडा आणि दूरच्या आकाशगंगेतील तारे यांच्याकडून मिळणारी माहिती शास्त्रज्ञ एकत्र ताडून पाहत आहेत.

अल्पायुषी अणुकेंद्रांच्या अभ्यासातून असेही दिसून आले आहे की जादूच्या संख्या सर्वत्र सारख्या टिकत नाहीत. न्यूट्रॉनांचे प्रमाण फार वाढले की काही कवचे विरघळून जातात. मॅग्नेशियमच्या एका समस्थानिकात न्यूट्रॉन २० असूनही त्याला अपेक्षित स्थैर्य लाभत नाही. ही निरीक्षणे समजून घेण्यासाठी आजचे शास्त्रज्ञ वापरतात ती भाषा १९४९ मध्ये घडलेल्या कवच प्रारूपाचीच आहे.

अमेरिकन फिजिकल सोसायटी १९८६ पासून तरुण महिला भौतिकशास्त्रज्ञांना मारिया गोपर्ट-मायर यांच्या नावाने पुरस्कार देत आली आहे. शुक्र ग्रहावरील एका विवराला त्यांचे नाव देण्यात आले असून २०११ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीटही काढले. त्यांच्यानंतर भौतिकशास्त्राचे नोबेल मिळविणाऱ्या तिसऱ्या महिलेसाठी जगाला आणखी ५५ वर्षे वाट पाहावी लागली. २०१८ मध्ये डॉना स्ट्रिकलंड यांना, २०२० मध्ये अँड्रिया गेझ यांना आणि २०२३ मध्ये अॅन लुइलिये यांना हा सन्मान मिळाला. पद आणि वेतन नसतानाही तीस वर्षे संशोधनाशी एकनिष्ठ राहिलेल्या मारिया गोपर्ट-मायर यांनी या वाटेवरील एक मोठा टप्पा ओलांडून ठेवला होता.